परतीचे दहा किलोमीटर

ऑक्टोबरचं ऊन पुन्हा सुरू झालंय. सकाळी आठलाच गॅलरीतली फरशी तापते. पावसात शेवाळलेली सोसायटीची भिंत चार दिवसांत वाळून काळी पडली आणि शर्ट घातल्या घातल्या पाठीला चिकटायला लागला. या दिवसांत मला काही करावंसं वाटत नाही. खरं सांगायचं तर एकसष्टाव्या वर्षी बाकीच्या दिवसांतही फारसं वाटत नाही, पण ऑक्टोबरात निदान उन्हाचं निमित्त सांगता येतं.

आज रविवार. सायकल काढायला पॅसेजमध्ये गेलो, तर हँडलवरच्या मीटरचे आकडे जवळजवळ दिसेनासे झाले होते. आठवडाभर ते फिकट होत चालले होते आणि मी दुर्लक्ष करत होतो. बटण दाबलं, तशी काच एकदा काळी झाली आणि मग कोरी. शर्टाच्या गुंडीएवढा सेल असतो त्यात, तो संपला. सायकल भिंतीला टेकवून मी तिथंच खुर्ची ओढून बसलो. सायकल चालवायला मीटर लागत नाही, हे मलाही कळतं. तरी बसून राहिलो.

दुकानदार त्याला सायकल कॉम्प्युटर म्हणतात. कॉम्प्युटर कसला, काडेपेटीएवढी एक करडी डबी. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लोहचुंबक असतं, चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याला एक सेन्सर. चुंबक समोरून गेलं की डबीला कळतं, एक फेरा झाला. फेरे गुणिले चाकाचं माप, एवढंच तिचं गणित. वेग दाखवते, वेळ दाखवते, आजचं अंतर आणि आजवरचं एकूण अंतर दाखवते. बटण तीन सेकंद दाबून धरलं की आजचं अंतर पुसून शून्य होतं. एकूण मात्र पुसता येत नाही. हल्लीचे सायकलवाले मोबाईलवर नकाशा बघतात, चढ बघतात, छातीचे ठोके बघतात. माझ्या डबीला आपण कळंबोलीत आहोत की काश्मिरात, चढावर आहोत की उतारावर, याचा पत्ता नसतो. चाक फिरलं, एवढंच तिला समजतं. मला त्याहून जास्त समजायला नको होतं, त्या वर्षी तरी.

सायकल आणि मीटर दोन्ही आमच्या केतनचं. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि ते इथं कामोठ्यात राहिलं. त्यानं चाकाचं माप अंदाजानं घातलं होतं, ते मला सहन होईना. म्हणून एका दुपारी मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, पार्किंगमध्ये उतरलो. टायरवर खडूची खूण केली, चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर फिरवला आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. शिवणाची टेप दीड मीटरचीच, त्यामुळे ती दोनदा लावावी लागली. सुनंदा शाळेत गणित शिकवते. तिनं गुडघ्यावर बसून वाचलं, ‘दोन हजार सत्तर मिलिमीटर.’ मी म्हटलं, अडुसष्ट असेल, नीट बघ. तिनं टेप पुन्हा लावली. सत्तरच होतं. मग मी तिला सगळी बटणं समजावून दिली, आजचं कुठं दिसतं, एकूण कुठं दिसतं, कुठलं पुसता येतं आणि कुठलं नाही. आमचा वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं असेल, साहेबांचं काहीतरी हरवलंय.

सवय होती मला. सव्वीस वर्षं मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. दर तासाला लॉगबुकात आकडे लिहायचे, वाफेचा दाब, पाण्याचं तापमान, धुराड्याचं तापमान, किती पाणी गेलं ते. आळस करून कुणी चार तासांचे आकडे एकदम बसून मनानं भरले, तर मी पकडायचो. पाण्याच्या मीटरवर एकूण आकडा असतो, तो कुणाच्या बापाला पुसता येत नाही. तासातासाच्या आकड्यांची बेरीज त्याच्याशी जुळली नाही की चोरी उघडी. ‘एकूण आकड्याला फसवता येत नाही,’ असं मी लोकांना फार शहाणपणानं ऐकवत असे. घरी येऊन सुनंदालाही तेच ऐकवत असे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत लोक बायकोला माथेरानला नेतात. मी गेटपास काढून तिला बॉयलर दाखवायला नेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तो थंड असायचा, तपासणीसाठी उघडायचा. माणूस जेमतेम शिरेल अशा मॅनहोलमधून टॉर्च मारून मी तिला आतल्या नळ्या दाखवल्या. म्हटलं, हा फार दिवस बंद ठेवायचा असेल तर आतलं पाणी सगळं काढायचं, पूर्ण सुकवायचा, मग पत्र्याच्या ट्रेमध्ये कळीचा चुना भरून आत ठेवायचा आणि झाकण गच्च आवळायचं. चुना आतली ओल ओढून घेतो. नाही तर थोड्याच दिवसांत नळ्या गंजायला लागतात. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नव्या नवरीचं काम ते. मग म्हणाली, ‘लोणच्याच्या बरणीसारखंच की हो.’ मला तेव्हा जरा राग आला होता. सव्वीस वर्षांत इतकं नेमकं कुणी बोललं नाही, हे नंतर कळलं.

कारखाना बंद झाला तो दसऱ्याच्या आधी, असाच ऑक्टोबर तोंडावर असताना. दुपारी गेटवर एक कागद चिकटला, तासाभरात वीज गेली आणि आम्ही सगळे डबे घेऊन रस्त्यावर उभे. मी बॉयलर रिकामा करायची परवानगी मागत होतो. पाण्यानं भरलेला होता तो. ज्याला विचारायचं तो माणूस मोबाईलवर बोलत बोलत गाडीत बसला आणि गेला.

पुढचे नऊ दिवस आम्ही गेटसमोर बसलो. सकाळी जायचं, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, गेटकडे बघायचं. कुणीतरी म्हणायचं की नवा मालक येणार, कुणीतरी म्हणायचं दिवाळीनंतर चालू होणार. मला मात्र आतलं पाणी दिसत होतं. घरी आलो की ताट तसंच सरकवायचो. दहाव्या दिवशी सुनंदानं मला उठूच दिलं नाही. समोर बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही तिथं जाता आणि रोज थोडे कमी होऊन घरी येता. मला शब्द द्या, त्या गेटवर पुन्हा जाणार नाही.’ तिचा आवाज कापत होता. वर्गात साठ मुलांना गप्प बसवणारी बाई ही. मी शब्द दिला, आणि चार दिवस पाळलाही.

सायकल तिनंच सुचवली. घरात नुसतं बसू नका, व्यायाम तरी होईल. सकाळी सहाला निघायचं, खारघरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत. पाच जाऊन पाच येऊन दहा किलोमीटर. ती साडेसातला शाळेत जायची ती दुपारी एकला परत यायची. चार दिवस मी इमानानं डोंगर बघून आलो. डोंगर चांगला आहे. त्याला माझी काही गरज नव्हती.

पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी डावीकडे न वळता मी उजवीकडे वळलो.

घरापासून कळंबोली सर्कलपर्यंतचा पहिला टप्पा तीन किलोमीटर आणि वर थोडं. दुधाचे टेम्पो, स्वेटर न लागणाऱ्या हवेत स्वेटर घालून चालणारे काका, शाळेच्या बसची वाट बघत पेंगणारी मुलं. सर्कलला पाय टेकून मी बटण दाबून धरलं आणि मीटर शून्य केला. का केला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. मी थकलो होतो. सायकलीनं नाही, तो थकवा वेगळा असतो, तो जेवून झोपलं की जातो. मला त्या दिवसांत कुठल्याच गोष्टीचं एकूण झेपत नव्हतं. सव्वीस वर्षं किती, अजून किती वर्षं काढायची, केतनचं शिक्षण किती उरलं, काही मनात धरवत नव्हतं. तीन किलोमीटर झेपत होते. ते झाले की पुसायचे आणि पुन्हा शून्यापासून.

दुसरा टप्पा लोखंड बाजाराच्या बाजूनं, साडेचार किलोमीटरच्या आसपास. दोन्ही कडांना उभे ट्रक, पत्र्याची गुंडाळी साखळीनं बांधून झोपलेले. ड्रायव्हर लोक टाकीच्या नळाखाली अंघोळ करत असायचे, अंगावर फेस आणि तोंडात दातवण. स्टोव्हवर कांदा परतल्याचा वास आणि त्यात गंजाचा वास मिसळलेला. रस्त्यावर लोखंडाची धूळ इतकी की घरी आल्यावर रुमाल विटकरी निघायचा. पुलाच्या टोकाशी पुन्हा थांबायचं, पुन्हा शून्य. शेवटचा टप्पा औद्योगिक वसाहतीतला, अडीच किलोमीटर. तो मी डोळे मिटूनही ओळखला असता. आधी मासळीच्या कारखान्याचा वास, मग साबणाचा, मग नाल्यावरच्या पुलावर सगळ्यांचा मिळून एक. त्यापुढं पूर्वी आमचा वास यायचा. आता तिथं काहीच येत नव्हतं, आणि ते नाकाला टोचायचं.

टप्प्यांचे आकडे मी बॉलपेननं लिहायचो. हँडलवर पांढरी चिकटपट्टी लावली होती, तिच्यावर रोज तीन आकडे. ३.१, ४.४, २.६. एखाद्या दिवशी ४.४ च्या जागी ४.५ आले की मला खरोखर अस्वस्थ व्हायचं, कुठं वळसा पडला म्हणून. घरी पोचायच्या आधी पट्टी काढून खिशात टाकायचो. आणि गेटवर पोचलो की मीटर शेवटचा शून्य करायचा. मग परत घरापर्यंत बटणाला हात लावायचा नाही. त्यामुळे पॅसेजमध्ये सायकल उभी राहायची तेव्हा मीटरवर दहा असायचे. दहा पूर्णांक एक, कधी दहा पूर्णांक दोन. दुपारी सुनंदा शाळेतून आली की विचारायची, ‘किती झालं?’ मी म्हणायचो, ‘दहा.’ परतीचे दहा होतेच की ते. खोटं बोलत नाही, अशी स्वतःची समजूत घालायला तेवढं पुरत होतं.

गेटवर आता बसणारं कुणी नव्हतं. हळूहळू पांगले होते सगळे. फक्त हिराजी होता, दिवसपाळीचा वॉचमन, जवळच्याच गावातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी नुसताच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, ‘साहेब, तुमी रोज येता नि असं उभं ऱ्हाता. काय पायजे तुमाला?’

मी म्हटलं, ‘बॉयलरमधलं पाणी काढायचंय. कुजेल तो आतून.’

हिराजीनं गेटच्या कुलपाकडं बघितलं. ‘मालक नाय, म्यानेजर नाय. मना कोन इचारनार हाय? पन नवाच्या आत भायेर या. नि आतली वस्तू भायेर नाय नेयाची.’

‘बाहेर काही न्यायचं नाहीये रे. आत आणायचंय.’

तो हसला. बहुधा मला वेड लागलंय असं त्याला वाटलं, आणि वेड्याला दार उघडायला हरकत नाही असंही.

पाणी जायला दोन सकाळी लागल्या. मग मॅनहोल उघडं टाकून बॉयलर सुकवला. पाऊस गेलेला, दुपारी शेडचा पत्रा तापून आत भट्टी व्हायची. ज्या उन्हाला सगळी नवी मुंबई शिव्या देत होती, ते मला हवं तसं पडत होतं. सहा-सात दिवसांत आत हात घातला तर कोरडी ठाक धूळ हाताला आली. मग चुना. कळंबोलीच्या एका दुकानातून दोन दोन किलोच्या पिशव्या घेऊन हँडलला अडकवायच्या. आतले ट्रे जुनेच होते, सुट्टीतल्या कामाचे. चुना ओलीनं फुटून भुकटी झाला की दर आठवड्याला बदलायचा. बोटांची टोकं चुन्यानं तडकली. पँटच्या गुडघ्यांवर पांढरे डाग पडायचे, ते मी नळावर भिजवून चोळायचो. एकदा बघतो तर बाथरूमच्या दाराशी एक जुनी पँट घडी घालून ठेवलेली, सुनंदानं. म्हणाली, ‘सायकलला हीच घाला, नवीला ग्रीस लागतं.’ आणि खोबरेल तेलाची वाटी माझ्या उशाशी कशी आली, हे मी विचारलंही नाही. माणूस आपल्या चोरीत इतका गुंग असतो की समोरच्याचं लक्ष कुठं आहे, ते बघायला त्याला फुरसत नसते.

मला खरंच वाटत होतं की कारखाना पुन्हा सुरू होईल. कुणीतरी येईल, बॉयलर उघडेल, टॉर्च मारेल, आणि म्हणेल, हा तर तयार आहे, दोन दिवसांत वाफ देईल. बॉयलर ठीक म्हणजे कारखाना ठीक, कारखाना ठीक म्हणजे मी ठीक. त्यासाठीच रोज वीस किलोमीटर. आज ते लिहायला लाज वाटते, पण तेव्हा दुसरं काही मनाला धरत नव्हतं.

पाण्याचीही एक गंमत आठवते. पहिल्या आठवड्यात सुनंदा मला एक बाटली भरून द्यायची. दुसऱ्या आठवड्यापासून दोन. मी म्हटलं, ‘अगं, दहा किलोमीटरला दोन बाटल्या कशाला?’ ती पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, ‘ऊन आहे.’ सकाळी सहाला कसलं ऊन, पण मी वाद घातला नाही. दुसरी बाटली गेटवर लागायचीच. हिराजीलाही त्यातलं द्यायचो.

आणि दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे बॉयलरची पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, आणि त्या एका दिवशी साहेब लोकही बॉयलरसमोर चप्पल काढायचे. त्या वर्षी कोण करणार? आदल्या संध्याकाळी सुनंदा बाजारातून झेंडू घेऊन आली आणि हार करायला बसली. दोन हार केले. एक दाराला, तो नेहमीचाच. दुसरा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, ‘हा सायकलला. तुमचं हत्यार आता तेच.’ हार उचलला तर चांगला दोन हात लांब. सायकलला गुंडाळून गुंडाळूनसुद्धा तो संपला नसता. मी मनात म्हटलं, बाईला मापाचा अंदाज नाही. आणि सकाळी तो हार पिशवीत कोंबून घेऊन गेलो, चोरल्यासारखा. बॉयलरच्या तोंडावर बरोबर बसला. हिराजीनं त्याच्या घरून आणलेली गुळाची ढेप फोडली. आम्ही दोघेच होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

हल्ली मी उलव्याला एका टॉवरमध्ये पंप आणि जनरेटर बघतो. वरच्या मजल्यावर पाणी चढलं नाही की फोन येतो, ‘अंकल, प्रेशर नाहीये.’ प्रेशर म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायला जात नाही. डोक्यावरून विमानं जातात. लहान मुलं पहिले काही दिवस बोटं दाखवायची, आता ती पण बघत नाहीत. कामात वाईट काही नाही. लॉगबुक मीच सुरू केलं, कुणी मागितलं नव्हतं, कुणी बघतही नाही. घरी येतो, जेवतो, पाय वर करून पडतो. कामाला कधी सायकलनं जातो, कधी बसनं. रविवारी मात्र सायकल काढतो आणि रस्ता कुठलाही असो, आजही एखाद्या सर्कलला, पुलाला, नाक्याला मीटर शून्य करतो. टप्प्यांची सवय जाता जात नाही. एकूण किती झालं ते मी कधी बघत नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाआधी एका सकाळी गेटवर पोचलो, तर गेट सताड उघडं. हिराजी बाहेरच उभा होता. ‘साहेब, आज नका जाव आत,’ तो म्हणाला. ‘गाडी आलीय. कापतान त्याला.’

आतून गॅस कटरचा आवाज येत होता. मी सायकल भिंतीला लावली आणि तिथंच बसलो. हिराजी माझ्याशेजारी बसला. किती वेळ, ते मीटरवर बघितलं नाही. त्या दिवशी सर्कलला थांबलो नव्हतो, पुलालाही नाही. घरून निघताना शून्य केला तेवढाच, पुढं का कोण जाणे, बटणाला हात लावायचंच विसरलो होतो. साडेबाराच्या सुमारास ट्रक बाहेर आला. बॉयलरचे दोन तुकडे केले होते, तोंडं मागं, उघडी. हिराजीनं टोपी काढली.

मी ट्रकच्या मागं सायकल घातली. रस्त्याला खड्डे, ट्रक हळू चाललेला, आणि दुपारच्या उन्हात मी त्याच्या मागं मागं. साबणाचा वास, मासळीचा वास, पूल. मागून हॉर्न देत गाड्या जात होत्या. लोखंड बाजाराच्या वळणावर ट्रक थांबला, तेव्हा मी अगदी जवळ गेलो आणि आत बघितलं. उन्हाची तिरीप थेट आत पडली होती. जे दिसलं ते नीट बघून घेतलं. सांगावं असं जवळ कुणी नव्हतं. मग ट्रक आत वळला आणि मी घराकडे.

दोन वाजले होते. सुनंदा शाळेतून येऊन दारातच उभी होती. माझ्या हातातून सायकल तिनं घेतली, पॅसेजमध्ये उभी केली, आणि तिची नजर मीटरवर गेलेली मी बघितली. वीस पूर्णांक चार. सगळं संपलं, असं वाटलं मला. आता विचारेल. ती म्हणाली, ‘आज जास्त झालं वाटतं.’ मी ‘हं’ म्हणालो. ‘अंघोळीला पाणी ठेवते,’ ती म्हणाली, आणि भर दुपारी, एवढ्या उकाड्यात, तिनं मला कडकडीत पाणी दिलं. मी सुटलो असं समजलो. केवढा गाढव.

दुसऱ्या दिवशी मी डावीकडे वळलो, डोंगराकडे. पुढं तीन महिन्यांनी काम मिळालं. त्या गेटचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

तर आज. अकराच्या सुमारास नाक्यावरून सेल आणला आणि डायनिंग टेबलावर डबी उघडून बसलो. नवा सेल बसवला, तशी काच उजळली आणि विचारायला लागली, चाकाचं माप? या डबीचं असंच आहे, सेल काढला की ती सगळं विसरते; एरवी तो पुरता संपायच्या आत दुकानदार बदलून द्यायचा आणि जुने आकडे तोच परत घालायचा. मी चष्मा शोधत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘दोन हजार सत्तर.’

ते मला आठवत होतं, पण तिला आठवतंय याचं बरं वाटलं. माप घातलं. मग पाच शून्यं लुकलुकायला लागली. एकूण अंतर. हवं तर जुना आकडा घाला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ‘जाऊ दे. शून्यच राहू दे. कुणाला ठाऊक आहे किती होतं ते. असेल काही हजार.’

‘थांबा,’ सुनंदा म्हणाली. हात पुसत बाहेर आली, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. तारखांच्या चौकोनांत एकादशी, सिलिंडर लावल्याची खूण, शाळेच्या सुट्ट्या. आणि प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, पाच आकडे. ती चष्म्यातून शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘परवाचा आहे. नंतर दिसेनासं झालं. लिहा, एक, सहा, दोन, आठ, चार.’

मी बटण सोडलं. ‘हे कधीपासून लिहितेस?’

‘त्या ऑक्टोबरपासून. जुनी कॅलेंडरं माळ्यावर आहेत.’

मग मला दुसरी बाटली आठवली. घडी घातलेली पँट आठवली, तेलाची वाटी आठवली, आणि दोन हात लांबीचा झेंडूचा हार. मीटरवर रोज दहा, आणि एकूण रोज वीसनं पुढं. पहिल्याच आठवड्यात कळलं असणार तिला. पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून टेप कुणी धरली होती? एकूण पुसता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? सव्वीस वर्षं दुसऱ्यांची चोरी मी याच एका आकड्यानं पकडत आलो, आणि तोच रोज पॅसेजमध्ये तिच्यासमोर उघडा ठेवून झोपत होतो. शब्द मोडला म्हणून तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. बाटली भरली. लाज वाटली, आणि इतक्या वर्षांचा शीण एकदम पायात उतरला.

‘बोलली का नाहीस?’ मी विचारलं.

‘बोलले असते तर तुम्ही गेला नसतात,’ ती म्हणाली. ‘घाला आकडा. माझी भाजी लागेल.’

मी एकेक आकडा घातला, एक, सहा, दोन, आठ, चार. काच एकदा लुकलुकून स्थिर झाली. सुनंदा कॅलेंडर हातात घेऊन उभीच होती, ओट्याकडे वळली नाही. काहीतरी विचारायचं होतं तिला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘चुना ठेवला होतात ना तुम्ही आत? कापून नेला असं मी ऐकलं होतं, तेव्हा बघितलंत का? गंज धरला होता का हो?’

इतक्या वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. ट्रक वळणावर थांबला होता, उन्हाची तिरीप आत पडली होती, आणि एक एक नळी मला दिसत होती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एक ठिपका नव्हता. आतून नव्यासारखा होता.’

‘मग झालं तर,’ ती म्हणाली, आणि कॅलेंडर परत खिळ्याला अडकवायला गेली.